मुक्या माराची मोजदाद

दुचाकीवरून पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, ‘काही नाही, मुका मार आहे’ म्हणतो आणि तासा-दोन तासांत त्याची शुद्ध हरपते. दुसऱ्या एखाद्याच्या कपाळाला टाके पडतात, सदरा रक्ताने भिजतो आणि चार दिवसांत तो कामावर रुजू होतो. डोक्याच्या बाबतीत बाहेरची जखम आणि आतली इजा यांचा मेळ बसेलच, असे नाही. कातडीवरची जखम सेंटिमीटरमध्ये मोजता येते. कवटीच्या आतली इजा मोजायची कशी, हा प्रश्न वैद्यांना किमान साडेतीन हजार वर्षे पडलेला आहे.

त्याची उत्तरे शोधताना तीन निराळे प्रश्न पुढे आले. आत नेमके काय तुटले? रुग्णाची अवस्था या घटकेला किती बिघडली आहे? आणि पुढे त्याचे काय होईल? या तीन प्रश्नांच्या मोजपट्ट्याही तीन तऱ्हांच्या आहेत. एका पट्टीवरचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की गफलत होते, आणि मेंदूच्या इजांच्या वर्गवारीचा इतिहास बराचसा ही गफलत निस्तरण्याचा इतिहास आहे.

पपायरसवरचे तीन निकाल

एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२ मध्ये इजिप्तमधील लक्सर येथे एक जुना पपायरस विकत घेतला. त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले आणि वैद्यकाच्या इतिहासकारांना धक्का बसला. इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या या हस्तलिखितात मंत्रतंत्रापेक्षा रुग्णतपासणीच जास्त होती. त्यात इजा झालेल्यांची ४८ प्रकरणे आहेत आणि ती डोक्यापासून खाली अशा क्रमाने लावलेली आहेत. पहिली २७ डोक्याची व चेहऱ्याची. अठ्ठेचाळिसावे प्रकरण मणक्यापाशी येते आणि मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो.

प्रत्येक प्रकरणात आधी तपासणी येते, मग निकाल. निकाल तीनच प्रकारचे: ‘या दुखण्यावर मी उपचार करीन’, ‘या दुखण्याशी मी झुंजेन’ आणि ‘या दुखण्यावर उपचार करायचा नाही’. सहाव्या प्रकरणात कवटी फुटून मेंदू उघडा पडला आहे. त्याच्या वळ्या वितळलेल्या तांब्यावर उठणाऱ्या सुरकुत्यांसारख्या दिसतात, अशी नोंद आहे. मेंदूच्या पृष्ठभागाचे हे ज्ञात असलेले सर्वांत जुने वर्णन. आठवे प्रकरण मुक्या माराचे आहे: कातडीवर जखम नाही, पण तिच्याखाली कवटीचा चुरा झालेला. इजा झालेल्या बाजूचा डोळा वाकडा पाहतो आणि त्याच बाजूचा पाय ओढत रुग्ण चालतो, हे त्या वैद्याने टिपले आहे. डोक्यातली इजा डोळ्यांत आणि चालीत वाचायची असते, हे त्याला कळले होते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांची एक वाटणी त्या जागी घाव बसल्यावर काय होते, यावरून केलेली आहे: सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. म्हणजे लगेच प्राण घेणारी, काही काळाने घेणारी, रुतलेले शल्य उपसल्यावर घेणारी, अपंगत्व देणारी आणि वेदना देणारी. दोन्ही कानशिलांवरची ‘शंख’ मर्मे सद्यःप्राणहर गटात येतात. आजचा न्यूरोसर्जनही कानशिलावरच्या माराला घाबरतो. तिथले हाड पातळ असते आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. कानशिलावरचा घाव घातक ठरतो हे निरीक्षण पक्के होते. त्यामागची धमनी दिसायला अजून बराच अवकाश होता.

इजिप्तचा वैद्य असो वा सुश्रुत, दोघांची वर्गवारी तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे पुढे काय होईल याची आहे. आत काय घडते आहे, ते पाहण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

बंद कवटीतला हिशेब

पाय मुरगळला की सुजतो, आणि सुजायला त्याला जागा असते. मेंदूला ती नसते. प्रौढ माणसाची कवटी ताणत नाही. तिच्यात साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा मेंदू, रक्तवाहिन्यांतले रक्त आणि मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव एवढीच सामग्री असते. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि लीथचे जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये एक साधा नियम मांडला: या बंद जागेत एखादी गोष्ट वाढली, तर दुसरी कुठली तरी कमी झालीच पाहिजे.

रक्तस्राव सुरू झाला की आधी द्रव आणि नीलांमधले रक्त बाहेर सरकते आणि दाब आटोक्यात राहतो. या काळात माणूस बोलतो, पाणी मागतो, घरी फोन करतो. सरकण्याची सोय संपली की पुढचे थोडेसे रक्तही दाब झपाट्याने चढवते. निरोगी प्रौढाच्या कवटीतला दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरपर्यंत असतो. तो २२ च्या वर टिकून राहिला तर उतरवण्याचे उपचार करावेत, असे सध्याची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दाब चढतच गेला तर मेंदूचा भाग खाली सरकतो, डोळ्याची हालचाल सांभाळणारी नस चेपली जाते, आणि त्या बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला प्रतिसाद देईनाशी होते. त्यापुढे श्वास सांभाळणारा मेंदूचा देठ असतो.

म्हणून मेंदूच्या इजेचे दोन टप्पे मानतात. आदळण्याच्या क्षणी जे तुटले ती प्राथमिक इजा. तिच्यावर हेल्मेट, सीटबेल्ट आणि नीट रस्ता हाच उपाय. ती भरून काढणारे ऑपरेशन नाही. सूज, दाब, प्राणवायूची कमतरता, घसरलेला रक्तदाब यांनी पुढच्या तासांत आणि दिवसांत होणारी ती दुय्यम इजा. रुग्णालयातली सगळी धावपळ या दुसऱ्या इजेसाठी असते.

आत काय काय तुटते

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरीररचनेच्या भाषेत द्यावे लागते. कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणे असतात, आणि रक्त कुठल्या थरात साचले यावर बरेच काही ठरते.

कवटी आणि सर्वांत बाहेरचे जाड आवरण, म्हणजे ड्यूरा, यांच्यामध्ये साचले तर तो एपिड्युरल हिमॅटोमा, म्हणजे रक्ताची गाठ. बहुधा कानशिलाचे हाड तडकते आणि आतली धमनी फाटते. धमनीतले रक्त जोराचे असल्याने गाठ वेगाने वाढते आणि सीटी स्कॅनमध्ये ती दोन्हीकडे फुगीर भिंगाच्या आकाराची दिसते. काही रुग्ण आधी क्षणभर बेशुद्ध होतात, मग शुद्धीवर येऊन नीट बोलतात आणि नंतर पुन्हा बुडतात. मधल्या शुद्धीच्या काळाने नातेवाईक फसतात, कधी कधी डॉक्टरही. पण मेंदूला स्वतःला फारसा मार बसलेला नसेल आणि गाठ वेळेत काढली, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.

ड्यूराच्या खाली साचले तर तो सबड्युरल हिमॅटोमा. इथे मेंदूपासून ड्यूराकडे जाणाऱ्या बारीक नीला तुटलेल्या असतात. रक्त मेंदूच्या पृष्ठभागावर पसरते आणि स्कॅनमध्ये चंद्रकोर दिसते. मोठ्या अपघातातला ताजा सबड्युरल अतिशय घातक, कारण खालचा मेंदूही बहुधा ठेचलेला असतो. वृद्धांमधला जुना सबड्युरल मात्र गुपचूप येतो. वयानुसार मेंदू आक्रसतो, त्या नीला ताणल्या जातात. न्हाणीघरात घसरून लागलेला किरकोळ मार सगळे विसरून जातात आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा गोंधळल्यासारखे बोलू लागतात, एक पाय ओढतात. घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो.

याशिवाय मेंदूच्या पृष्ठभागावरच्या द्रवात रक्त मिसळू शकते, किंवा खुद्द मेंदू ठेचला जाऊन त्यात रक्ताचे ठिपके उमटतात. ठेच नेहमी मार लागलेल्या जागीच असते असे नाही. डोके मागे आपटले तरी कपाळामागचा आणि कानशिलांमागचा मेंदू कवटीच्या खडबडीत तळावर घासून जास्त दुखावलेला आढळतो.

सर्वांत गूढ प्रकार मेंदूतल्या तंतूंच्या इजेचा. डोके वेगाने गर्रकन फिरले की मेंदूचे थर एकमेकांवर सरकतात आणि मेंदूच्या पेशींचे लांब तंतू हजारो ठिकाणी दुखावतात. सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूतला खोलवरचा ऱ्हास दाखवून दिला. ग्लासगोचे विकृतिशास्त्रज्ञ ह्यूम ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याच्या तीन श्रेणी केल्या: तंतूंची इजा केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ती पहिली, दोन्ही गोलार्ध जोडणाऱ्या पट्ट्यात जखम असलेली दुसरी, आणि मेंदूच्या देठापर्यंत पोचलेली तिसरी. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन जवळजवळ स्वच्छ असू शकतो, आणि रुग्ण तरीही गाढ बेशुद्ध असतो.

ग्लासगोची बेरीज

१९७० च्या आधी बेशुद्धीचे वर्णन ज्याच्या त्याच्या शब्दांत होई. ‘अर्धवट शुद्ध’, ‘गुंगीत’, ‘गाढ बेशुद्ध’ अशा नोंदी केसपेपरवर असत. रात्रीच्या डॉक्टरची ‘गुंगी’ आणि सकाळच्या डॉक्टरची ‘गुंगी’ एकच आहे का, हे सांगता येत नसे. रुग्णाची अवस्था बिघडली की शब्द बदलला, हेच कळत नसेल तर ऑपरेशनची वेळ कशी ठरवणार?

ग्लासगोमधले न्यूरोसर्जन ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी जुलै १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक व्यावहारिक मोजपट्टी मांडली: ग्लासगो कोमा स्केल, म्हणजेच जीसीएस. तिला यंत्र लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही. रुग्ण डोळे कशाने उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, एवढेच पाहायचे.

डोळ्यांना ४ गुण. आपोआप उघडे असतील तर ४, हाकेला उघडले तर ३, बोटाच्या नखावर दाब दिल्यावर उघडले तर २, काही केल्या उघडले नाहीत तर १. बोलण्याला ५. स्वतःचे नाव, ठिकाण, महिना नीट सांगितला तर ५, वाक्ये बोलतो पण गोंधळलेली तर ४, सुटे शब्द तर ३, नुसते कण्हणे तर २, आवाजच नाही तर १. हालचालीला ६. सांगितलेले केले तर ६, दुखवल्या जागेकडे नेमका हात नेला तर ५, हात नुसता ओढून घेतला तर ४, कोपर विचित्र रीतीने आत वळले तर ३, हातपाय ताठ पसरले तर २, काहीच नाही तर १. सुरुवातीच्या मांडणीत हालचालीच्या पाचच पायऱ्या होत्या. सहावी लवकरच जोडली गेली.

सर्वांत कमी बेरीज ३, सर्वांत जास्त १५. शून्य नाही, त्यामुळे ३ म्हणजे काहीच प्रतिसाद नाही. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र इजा, अशी विभागणी पुढे रूढ झाली. ‘जीसीएस किती?’ हा प्रश्न आज रुग्णवाहिकेतून येणाऱ्या फोनपासून अतिदक्षता विभागातल्या फेरीपर्यंत विचारला जातो. आठवर किंवा त्याखाली गेलेल्या रुग्णाला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येईल याची खात्री नसते, म्हणून नळी घालायचा विचार त्याच आकड्यावर सुरू होतो. मोजपट्टीला ४० वर्षे झाली तेव्हा, २०१४ मध्ये, तिचा वापर ८० हून अधिक देशांत होत असल्याची नोंद आहे.

या यशामागचे कारण आकड्यांच्या अचूकतेत शोधू नये. ही पट्टी परिचारिकाही वापरू शकते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा वापरू शकते, हे तिचे बळ. दहाला १४ असलेला रुग्ण साडेदहाला ११ झाला, तर आत काहीतरी वाढते आहे, आणि हे कळायला न्यूरोसर्जनला खाटेशेजारी उभे राहावे लागत नाही.

बेरजेत जे हरवते

चार, पाच आणि सहा पायऱ्यांच्या एकूण १२० जोड्या होतात, आणि बेरजेचे आकडे फक्त १३. म्हणजे एकाच आकड्याखाली अनेक निरनिराळे रुग्ण झाकले जातात. बेरीज ४ असलेल्या रुग्णांवरचे एक विश्लेषण प्रसिद्ध आहे. जादाचा एक गुण हालचालीचा असेल तर मृत्यूचे प्रमाण ४८ टक्के, बोलण्याचा असेल तर २७ आणि डोळ्यांचा असेल तर १९ टक्के आढळले. आकडा तोच, भवितव्य वेगळे. म्हणून चांगला डॉक्टर ‘जीसीएस ९’ एवढ्यावर थांबत नाही; डोळे किती, बोलणे किती, हालचाल किती हे सुटे सुटे लिहितो.

इतरही अडचणी आहेत. नळी घातलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. डोळे सुजून मिटलेल्याचे डोळे मोजता येत नाहीत. दारू प्यालेला, फिट येऊन गेलेला किंवा झोपेचे इंजेक्शन दिलेला माणूस आहे त्यापेक्षा वाईट अवस्थेत दिसतो. लहान बाळाला महिना विचारता येत नाही, त्यासाठी वेगळी पट्टी आहे. आणि परप्रांतातून आलेल्या मजुराला प्रश्नाची भाषाच कळली नाही, तर त्याचे निरर्थक वाटणारे उत्तर मेंदूच्या खात्यावर मांडले जाऊ शकते. अशा वेळी दुभाष्या शोधणे हाही तपासणीचाच भाग ठरतो.

टीसडेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक भर सुचवली: उजेडाला प्रतिसाद न देणाऱ्या जितक्या बाहुल्या, तितके गुण बेरजेतून वजा करायचे. दोन्ही बाहुल्या निश्चल असतील तर ३ चा १ होतो. पपायरसातल्या वैद्याने पाहिलेला वाकडा डोळा अशा तऱ्हेने हिशेबात पुन्हा आला.

चित्रावरून वर्ग

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर एका रुग्णाचा मेंदू सीटी स्कॅनने पहिल्यांदा पाहिला गेला. त्याआधी गाठ आहे की नाही हे ठरवायला कवटीला भोके पाडून पाहावे लागे, किंवा मानेच्या धमनीत औषध सोडून एक्स-रे काढावा लागे. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चित्र मिळाले तसे चित्राचे वर्गही आले. लॉरेन्स मार्शल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सहा गट केले. पहिला, स्कॅनमध्ये काहीच न दिसणारा. दुसऱ्यात दोष दिसतात, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या द्रवाच्या जागा मोकळ्या असतात. तिसऱ्यात सुजेने त्या जागा चेपतात. चौथ्यात मेंदूची मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकते. पाचवा गट ऑपरेशनने काढलेल्या गाठीचा, आणि सहावा २५ मिलिलिटरहून मोठ्या पण न काढलेल्या गाठीचा. रोटरडॅमच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये यातल्या खुणांना स्वतंत्र गुण दिले. त्यात एपिड्युरल गाठ असणे ही तुलनेने चांगली खूण धरली आहे, कारण ती काढता येते.

मानेखालचे शरीर

अपघात क्वचितच डोक्यापुरता थांबतो. पोटात फुटलेली प्लीहा, फाटलेले यकृत, बरगडीमागे साचलेले रक्त हीही आतलीच इजा, आणि तिने रक्तदाब कोसळला की मेंदूचेही नुकसान होते. सगळे शरीर एका हिशेबात आणण्याची गरज मोटारींच्या टक्करींचा अभ्यास करणाऱ्यांना आधी भासली. १९७१ मध्ये अमेरिकेत डॉक्टर आणि मोटार-अभियंते यांनी मिळून प्रत्येक इजेला १ ते ६ असा दर्जा देणारी पट्टी तयार केली: १ किरकोळ, ५ जगण्याची शाश्वती नसलेली, ६ उपचारांपलीकडची.

पण तीन इजा असलेल्या माणसाचे काय? सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये, म्हणजे ग्लासगोच्याच वर्षी, उत्तर दिले. शरीराचे सहा भाग पाडायचे, सर्वांत जास्त दुखावलेल्या तीन भागांचे कमाल दर्जे घ्यायचे आणि त्यांच्या वर्गांची बेरीज करायची. डोके ४, छाती ३, पोट २ असेल तर १६ अधिक ९ अधिक ४, म्हणजे २९. कमाल ७५. पंधराच्या वर गेले की तो मोठा अपघाती रुग्ण मानला जातो. वर्ग करण्यामागे अनुभव होता: इजेचा दर्जा एका पायरीने वाढला की मृत्यूचा धोका त्याच्या कितीतरी पट वाढतो. या रीतीत एका भागातली एकच इजा धरली जाते. डोक्यात सबड्युरल गाठ आणि दोन्ही बाजूंना ठेचही असेल, तरी हिशेबात एकदाच. ही त्रुटी सुधारणारी नवी आवृत्ती १९९७ मध्ये आली.

प्लीहा, यकृत, मूत्रपिंड यांच्या इजांची श्रेणीवार पट्टी अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्वी प्लीहा फाटली की ती काढून टाकत. श्रेणी आणि स्कॅन हाताशी आल्यावर, रक्तदाब स्थिर असलेल्या बऱ्याच रुग्णांना पोट न उघडता नुसते देखरेखीखाली ठेवता येऊ लागले.

‘सौम्य’ म्हणवणारा मोठा वर्ग

मेंदूला मार लागलेल्यांपैकी बहुतेक जण १३ ते १५ गुणांच्या गटात येतात. त्यांच्याबद्दलच सर्वांत जास्त मतभेद आहेत. शुद्ध हरपली नाही तरी कन्कशन, म्हणजे माराने मेंदूचे काम तात्पुरते बिघडणे, असू शकते. डोकेदुखी, भोवळ, उजेडाचा त्रास, नवे काही लक्षात न राहणे ही लक्षणे काही तासांनीही येतात. क्रिकेटरसिकांनी हे ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर पाहिले. जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागून स्टीव्ह स्मिथ पडला, तपासणीत पास होऊन त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीला आला आणि दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसल्यावर सामन्याबाहेर गेला. त्याच्या जागी उतरलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू.

हेल्मेटआधीच्या काळाची आठवण जुन्या पिढीला आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांची कवटी फुटली. तातडीने ऑपरेशन करावे लागले. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसे आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही होते. काँट्रॅक्टर बचावले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढण्यात आली.

पहिल्या तासातला १५ हा आकडा पुढच्या सहा महिन्यांची हमी देत नाही. अपघातानंतरचे किती तास किंवा दिवस आठवणीतून पुसले गेले, हे पाहणारी मोजपट्टी त्यासाठी जोडीला घेतात: स्मृतीचा खंड एका दिवसाच्या आत असेल तर सौम्य, सात दिवसांपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मेंदूच्या पेशी दुखावल्या की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांची चाचणी अमेरिकेत २०१८ मध्ये संमत झाली. कोणाला स्कॅनची गरज नाही, हे ठरवायला ती मदत करते.

मे २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त १४ देशांतल्या ९४ तज्ज्ञांनी नवी चौकट सुचवली. सौम्य-मध्यम-तीव्र या तीन खणांऐवजी चार खांब: रुग्णाची तपासणी, रक्तातल्या खुणा, स्कॅन आणि परिणाम बदलणाऱ्या इतर गोष्टी. शेवटच्यात आधीचे आजार, मानसिक अवस्था, घरचा आधार हेही येते. पन्नास वर्षे एका बेरजेवर टाकलेला भार आता चौघांत वाटायचा, हा त्यामागचा विचार.

सहा महिन्यांनंतरचा हिशेब

जगला, म्हणजे पुढे काय? जेनेट यांनी मायकल बाँड यांच्यासह १९७५ मध्ये परिणामांची पाच पायऱ्यांची पट्टी मांडली: मृत्यू, भानाविना जागृतावस्था, परावलंबी अपंगत्व, स्वावलंबी अपंगत्व आणि चांगली सुधारणा. सुश्रुताच्या पाच गटांप्रमाणे हीही परिणामांवर बेतलेली विभागणी आहे, पण माणूस इथे काही महिन्यांनी पुन्हा तपासला जातो. तो एकटा बसने जाऊ शकतो का, बाजारहाट करतो का, पूर्वीचे काम करू शकतो का, हे विचारून वर्ग ठरतो.

यातल्या दुसऱ्या पायरीचे नामकरण आणि वर्णन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये केले होते. डोळे उघडे असतात, झोप आणि जाग येते, पण भान असल्याचे काही दिसत नाही. महाराष्ट्राला ही अवस्था ठाऊक झाली ती केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे. १९७३ मधल्या हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर मे २०१५ मधल्या निधनापर्यंत रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. मार्च २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणात निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाला याच वैद्यकीय वर्गाचा अर्थ तपासावा लागला.

कायद्याची मोजपट्टी वेगळी

पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात दुखापतीचे दोनच वर्ग चालतात: साधी आणि जबर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. हाड मोडणे किंवा दात तुटणे हा त्यातला एक. जिवाला धोका आणणारी, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीची कामे करू न देणारी दुखापत हा शेवटचा. त्यामुळे तुटलेला दात कागदावर चटकन ‘जबर’ ठरतो. स्कॅन स्वच्छ असलेल्या, पण महिनाभर हिशेब न जमणाऱ्या दुकानदाराला मात्र आपली दुखापत शेवटच्या प्रकारात बसते, हे पुराव्याने दाखवावे लागते. कलम ११७ मध्ये दुखापतीने कायमचे अपंगत्व किंवा भानाविना अवस्था आली तर किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. ग्लासगोतल्या डॉक्टरांनी खाटेशेजारी केलेले वर्गीकरण अशा तऱ्हेने आपल्या दंडविधानात पोचले.

आकड्याबरोबर वेळ

केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीस्वार सर्वाधिक होते. अशा देशात ही वर्गवारी केवळ डॉक्टरांच्या कामाची नाही. पहिला तास रुग्ण नातेवाइकांच्या, रिक्षावाल्याच्या किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या हाती असतो. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ घातले आहे.

या पहिल्या साक्षीदाराला गुण मोजता येण्याची गरज नाही. अपघात किती वाजता झाला, शुद्ध हरपली होती का, आणि हरपली असेल तर किती वेळ, हे त्याने सांगावे. शुद्धीवर आल्यावर रुग्ण काय बोलला, उलट्या किती झाल्या, फिट आली का, नाकाकानातून रक्त किंवा पाणी आले का, दारू घेतली होती का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही वेळेसकट सांगावे. ‘दहा मिनिटांपूर्वी नाव सांगत होता, आता नुसता कण्हतो’ हे एक वाक्य न्यूरोसर्जनला जीसीएसच्या एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. त्यात पहिले माप आहे, दुसरे माप आहे आणि दोहोंमधला काळही आहे. घरी सोडलेल्या रुग्णाला पहिली रात्र मधूनमधून उठवून नाव-गाव विचारायला डॉक्टर सांगतात, तेही यासाठीच. एका वेळेचा आकडा रुग्ण कुठे आहे ते सांगतो. तो कुठे चालला आहे, हे कळायला पुन्हा मोजावे लागते.